लेकींना वंशावळीत आणणाऱ्या तायडे मॅडम

डॉ. तायडे मॅडमची पहिली ओळख अमरावतीत, जनुकशास्त्राच्या एम.एस्सी.च्या पहिल्याच तासाला झाली. कोणाला काय शिकायचं आहे, असं त्यांनी विचारलं. मी उठून म्हणाले, "मॅडम, मले डिप्रेशनचा जीन शोधायचा हाय." वर्ग हसला. मॅडमही हसल्या. "एकच? मंग बाकीचे काय मीच शोधू?"

आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिलीच. शास्त्रात एका प्रश्नाचं एकच उत्तर असतं, असं मला वाटे. मॅडमनी समजावलं, की नैराश्याच्या संशोधनातही बराच काळ मोजक्या संशयित जनुकांमागे धावण्यात गेला. मोठ्या अभ्यासांत ते निष्कर्ष टिकले नाहीत. आता लाखो माणसांचे नमुने एकत्र तपासतात, तेव्हा असंख्य बारीक फरक दिसतात. प्रत्येकाचा वाटा कणभर, आणि परिस्थितीचाही हात मोठा. या अभ्यासांत आपल्याकडची माणसं फार थोडी, ही मॅडमची खंत. म्हणून त्या नमुने आणि घराघरांतली माहिती गोळा करायला अकोटकडच्या गावांत जात राहिल्या.

तिथे वंशावळ विचारली की लोक मुलगे, नातू सांगत. लग्न होऊन गेलेल्या लेकी गाळत. मॅडम वाद घालत नसत. चहा घेता घेता विचारत, "दिवाळीले माहेरी कोन कोन येते?" मग आत्या, बहिणी भराभर निघत.

या सवयीनेच आमच्या ताईचं लग्न वाचवलं. माझी आई नैराश्यावर उपचार घेते. चांदूर बाजारच्या सोयऱ्यांना ते कळलं आणि ठरलेली सोयरीक अडली. "जा, खरं काय ते सांगून या," आईनेच मॅडमना आणि मला म्हटलं. मॅडम माझ्यासोबत निघाल्या. 'हे रक्तात नसते' एवढंच म्हणा, असं मी एसटीत त्यांना विनवलं. "खोटं नाई बोलनार, बाई," त्या म्हणाल्या.

मुलाच्या वडिलांनी थेट विचारलं, "हे रक्तातून येते का?"

"थोडं येते." मॅडम म्हणाल्या, "पन पोरीले होईनच असं नाई. रक्त तपासूनबी ते आधी सांगता येत नाई. असं थोडं थोडं सगळ्याच घरात असते."

"आमच्या घरान्यात नाई!"

"बरं. दिवाळीले कोन कोन येते तुमच्याकडे?"

मुलाची आई आतून बाहेर आली. "सांगा ना! अकोल्याच्या बहिनीले काहून सोडता? तिच्या गोळ्या तं तुमीच नेऊन देता!"

"घ्या! घरातूनच साक्ष निघाली," ते ओशाळून हसले. "पन बहीन माही लय गुनाची हाय. संसार पाहा तिचा."

"मंग?" मॅडमनी विचारलं.

त्यांनी चहा बशीत ओतला. "मंग काय, तारीख काढा!"

लग्नात आई वरातीपुढे नाचली. त्या अकोल्याच्या आत्यांशी तिची आता गट्टी आहे. गोळी घेतली का, हे दोघी फोनवर एकमेकींना विचारतात, आणि पुढे तासभर हसत बसतात.

मॅडमच्या साठीनिमित्त आईचा निरोप तिच्याच शब्दांत देते: "बाईले म्हना, लोकाइच्या तब्येती लय पाह्यल्या, आता सोताची बीपीची गोळीबी टायमावर घेत जा." मॅडम, हे एवढं ऐकाच. खूप जगा, ठणठणीत राहा. अजून कितीतरी घरांतल्या लेकी मोजायच्या राहिल्या आहेत.