मागची खुर्ची

प्रधान मावशींच्या दवाखान्यात पेशंटबरोबर आलेल्यांची खुर्ची पेशंटच्या मागे, भिंतीला टेकवून ठेवलेली असे. तिथून बोलायला सक्त मनाई. एखादा नवरा बायकोचं दुखणं सांगू लागला की मावशी म्हणत, "बिल्कुल नाही! पोट तिचं, आवाज तुमचा. मी तपासू कुणाला?"

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्या आमच्या शेजारी. निवृत्तीनंतर त्यांनी नोएडात दवाखाना थाटला, आम्हीही तिथेच राहायला आलो.

आई विसरू लागली तेव्हा आधी मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे सगळे प्रश्न हिंदीत. आईचं हिंदी भाजीवाल्यापुरतं. ती माझ्याकडे बघे आणि उत्तर मी देई. "दिमाग़ कमज़ोर हो रहा है, उम्र का असर है," असं सांगून त्यांनी परत पाठवलं. आई आता दिवसेंदिवस हातातून जाणार, या विचाराने माझं धाबं दणाणलं.

मग आईला मावशींकडे नेलं. त्यांनी मला मागे बसवलं. "मालतीताई, आज सकाळपासून काय काय केलंत? सावकाश सांगा."

आई घोगऱ्या आवाजात, अडखळत बोलू लागली. ती थांबली की मावशीही थांबत. मला जीभ आवरणं जड जात होतं.

"हल्ली मे महिन्यातही थंडी वाजते हो. स्वेटर घालून बसते," आई म्हणाली.

"एसीमुळे," मी बोललोच.

"एसीत तूही बसतोस ना, सुहास? मग तुझा स्वेटर कुठाय?" मावशी म्हणाल्या.

मावशींनी आईचा कोरडा हात हातात घेतला, विरळ झालेल्या भुवया पाहिल्या, गळा चाचपला. "थायरॉइड मंदावलेलं दिसतंय. त्यानेही विसरायला होतं. रक्त तपासू. अरे, आपल्या क्वार्टरमध्ये ओल खालच्या छताला दिसायची आणि गळती वरच्या मोरीत असायची. आपण छत रंगवत बसायचो!"

"आणि तसं नसलं तर?"

"तर पुन्हा ऐकू."

मावशींचा अंदाज बरोबर निघाला. गोळ्या सुरू झाल्या आणि काही महिन्यांत आमची आई आम्हाला हळूहळू परत मिळाली.

मावशी गेल्या थंडीत वारल्या. मला त्यांची फार आठवण येते, आणि दर वेळी एकच दुपार डोळ्यांसमोर येते. आईला पुन्हा दाखवायला नेलं होतं. "काय, कसं वाटतंय?" मावशींनी विचारलं. सवयीने मी तोंड उघडलं. आई मावशींकडे बघून हसली. मग खुर्चीत मागे वळली आणि मला ठणकावून म्हणाली,

"तू गप्प बस. पेशंट मी आहे."