पुठ्ठ्यामागचे फासे

ऑर्व्हिल टेशला एका जागी बसणं माहीत नव्हतं. आठवडाभर ओतकामाच्या कारखान्यात उभा राहायचा, आणि रविवारी मिस्साची प्रार्थना आटोपून चर्चच्या तळघरात खेळ मांडला, की टेबलाभोवती येरझाऱ्या सुरू. पेन्सिल आधी कानावर, मग दातांत, मग हरवलेली. पलीकडे पत्ते कुटणारे म्हातारे ओरडायचे, "अरे, त्याला खुर्चीला बांधा कुणीतरी!"

खेळात तो पंच. राक्षस, दरोडेखोर सगळे त्याच्या हातात, बाकीच्यांचं एकेक पात्र. प्रत्येक पात्राला जिवाचे ठरावीक गुण. घाव बसला की फाशांवर पडेल तेवढे वजा, शून्य झालं की मेलं. शेजारच्या गावात शून्याखाली दहापर्यंत पट्टी बांधून वाचवायची मुभा होती. ऑर्व्हिलला ते पटायचं नाही. "मेला तो मेला. नाहीतर ढाल बाळगायची कशाला?"

माझे यजमान गेल्यावर मी तिथे नोंदी ठेवू लागले. ऑर्व्हिल उभ्या पुठ्ठ्याच्या आडोशाला फासे टाकायचा आणि माझी खुर्ची त्याच्या डाव्या कोपराशी, म्हणजे आडोशाच्या आत. १९७९च्या लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, एकदा फाशांवर आठ पडले आणि तो म्हणाला, "तीन." मी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि कॉफी आणायला निघून गेला.

हे व्हायचं ते फक्त रोमन कुख्ताच्या ग्रिमल नावाच्या बुटक्या योद्ध्याच्या बाबतीत. रोमन ऑर्व्हिलच्याच पाळीतला. कारखाना बंद पडला तेव्हा ऑर्व्हिलला पेन्शन मिळाली, रोमनला काहीच नाही. आता तो कामासाठी टेक्सासला निघाला होता.

"मिसेस विंकेल, हाती काही राहिलं नाही बघा," तो मला म्हणाला. "पण ग्रिमलला आठ वर्षं जगवलं. कुणाच्या मेहेरबानीवर नाही."

जाण्याआधीच्या शेवटच्या रविवारी त्यानेच पुठ्ठा आडवा केला. "आज उघड्यावर टाक, टेश."

"पुठ्ठ्याने तुझं काय घोडं मारलंय?"

"घाबरला गं बाई!" पत्त्यांच्या टेबलावरून कुणीतरी.

ग्रिमलचे नऊ गुण उरले होते. राक्षसाच्या गदेला दोन फासे. ऑर्व्हिलने ते हातात इतका वेळ खुळखुळवले की रोमन वैतागला. पाच आणि सहा.

मी वहीत अकरा वजा केले. मग ऑर्व्हिल घाईघाईने म्हणाला, "शेजारच्या गावात पट्टी बांधतात. तसं आपणही..."

"गप रे. आठ वर्षं तुझ्याच नियमाने जगला, तुझ्याच नियमाने गेला." रोमनने नाक शिंकरलं आणि माझ्याकडे वळला. "तुमच्या वहीतलं ग्रिमलचं सगळं मला उतरवून द्याल? सोबत नेतो. उद्या दुपारी निघतोय."

ऑर्व्हिलच्या हातात पेन्सिल मोडली.

सोमवारी सकाळी तो माझ्या स्वयंपाकघरात होता. चुलीपासून दारापर्यंत, दारापासून चुलीपर्यंत. त्याच्यापुढे ठेवलेला राय ब्रेड तसाच पडलेला.

"व्हर्ना, पानं फाडून टाक."

"मी वही फाडत नाही."

"मग त्याला कळेल ना! एवढी एकच गोष्ट त्याची स्वतःची आहे."

मी कोरे कागद काढले आणि चर्चच्या शाळेत सिस्टरांनी गिरवून घेतलेल्या अक्षरात लिहायला बसले. तारीख, जागा, कुणाचा घाव, ऑर्व्हिलने सांगितलेला आकडा. शेजारचा, फाशांवरचा खरा आकडा सोडत गेले. गाळणं हेही खोटंच, असं त्याच सिस्टरांनी शिकवलं होतं, आणि प्रत्येक ओळीला ते मला आठवत होतं.

"किती वेळा केलं असेन गं मी?" त्याने दाराशी थांबून विचारलं.

"तेरा."

"तेरा! मला वाटलं, चारेक."

दुपारी तो कागद घेऊन गेला. रोमनने बसमध्ये चढण्याआधी पहिलं पान वाचलं आणि हसला, असं ऑर्व्हिलने मला तीनदा सांगितलं.

पुढच्या रविवारी त्याने पुठ्ठा लावला नाही. महिन्याभरात दोन पात्रं गेली. येरझाऱ्या इतक्या वाढल्या, की म्हाताऱ्यांनी आपलं पत्त्यांचं टेबल भिंतीकडे सरकवलं.