ठणठणीत माणसाचा नमुना

नव्वदच्या दशकात मी पेणहून एसटीनं रोह्याच्या एका छोट्या प्रयोगशाळेत कामाला जायचे. तिथं आमचे सर टायफॉईडच्या जंतूंवर संशोधन करत. आजाऱ्यांच्या शौचाच्या डब्या गोळा करायच्या, त्यातलं थोडं जंतू वाढवायच्या काचेच्या प्लेटवर पसरायचं आणि दुसऱ्या दिवशी काय उगवलं ते बघायचं, हे माझं काम. आमच्याकडेच राहणारी आत्या नाक मुरडायची. "एवढी बुकं शिकलीस ती ह्याच्यासाठी गो?"

त्या वर्षी आमच्या आळीत एका साखरपुड्यानंतर चौघांना टायफॉईड झाला. शेजारची मुलगी तर दवाखान्यात होती. सर म्हणाले, तुलनेला एखाद्या ठणठणीत माणसाचाही नमुना आणा. मला दुसरं नाव सुचलंच नाही. साठी उलटलेल्या आत्याला मी कधी शिंकताना पाहिलं नव्हतं. "मेले, लाज नाय तुला," म्हणत तिनं डबी दिली.

दुसऱ्या दिवशी तिच्या प्लेटवर आजाऱ्यांसारखेच काळे ठिपके होते. प्लेटांची अदलाबदल केली असणार म्हणून मी स्वतःलाच शिव्या घातल्या. पुन्हा नमुना घेतला, मग तिसऱ्यांदा. तेच. सर म्हणाले, "काही माणसं स्वतः आजारी नसतात, पण जंतू वर्षानुवर्षं बाळगतात. बाई स्वयंपाक करतात का?"

आळीतल्या प्रत्येक कार्यात सोलकढी आत्याच्याच हातची. नारळाचं दूध हातानं पिळायचं, उकळायचं नाही. साखरपुड्यालाही तिनंच केली होती, आणि लोकांनी मागून मागून प्यायली होती.

असलं कसं सांगायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. घरी येऊन भडाभडा बोलून टाकलं. औषध आहे, हेही सांगितलं. ती भांडेल असं वाटलं होतं, पण ती विळीवरून उठून भिंतीला टेकून बसली.

"म्हंजे शेजारची पोर माझ्यामुलं?"

"बरी होतेय ती."

मग तिनं जे विचारलं ते माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. तिचा एकुलता एक मुलगा माझ्या जन्माआधी अशाच तापानं गेला होता. आजारपणात तो फक्त तिच्या हातची पेज घ्यायचा.

"त्याचं मला लागलं, का माझं त्याला गो?"

याचं उत्तर कुठल्याच प्लेटवर उगवत नाही. तरी तिच्या डोळ्यांत बघून मी म्हटलं, "त्याचं तुला, आत्या. नक्की."