युरियावर टोकणारे मामाजी

मामाजी कोणाच्याही वावरात शिरत आणि न विचारता बरसीमचं, म्हणजे गुरांच्या चाऱ्याच्या पिकाचं, रोप मुळासकट उपटत. मुळावरची बारीक गाठ नखानं फोडून धन्याच्या नाकासमोर धरत. "आत गुलाबी हाये नं? म्हंजे हे आपलं खत आपणच बनवून राहिलं. याले युरिया कायले देता?" मोहाडीजवळच्या आमच्या गावात लोक त्यांना चुकवून दुसऱ्या धुऱ्यानं, म्हणजे बांधावरून, जात. ते माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ, त्यामुळे मला ती सोय नव्हती.

त्यांचं गणित सरळ होतं. पेरताना एकदा सुपर फॉस्फेट द्या, महाग वाटलं तरी द्या, मग कापणीमागून कापणी चारा घ्या. पण युरियाची गोणी स्वस्त, आणि टाकला की चार दिवसांत रान काळपट हिरवं दिसतं. "स्वस्त भेटते म्हणून माणूस एका वक्ताले दोनदा जेवते का?" असं ते विचारत. मी धानाच्या बांधीत पहिल्यांदा बरसीम पेरली, तेव्हा आपल्या जुन्या वावरातली घमेलंभर माती, मुळांना त्या गाठी धराव्यात म्हणून, त्यांनी स्वतः आणून फेकली, दुधाला विरजण लावावं तशी.

आणि मी काय केलं? सुपर टाळलं, गुपचूप युरिया टाकला. माझीच अक्कल शेण खायला गेली होती. चारा माजला. मामाजींनी रोप उपटलं, गाठ फोडली, तर आत पांढरी. ते रोप घेऊन घरी आले आणि अख्ख्या गल्लीदेखत त्यांनी माझी खरडपट्टी काढली. मग आवाज उतरवून म्हणाले, "सूनबाई, हा चारा लय कोवळा हाये. उपाशी गाईले टाकू नको. आधी तणीस चार." तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, मी कधीच विकून बसले होते. ते मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

गाय पहिलारू, पहिल्याच विताची होती. तिच्या दुधावर घर नुकतंच सावरत होतं. एका सकाळी दवानं ओली बरसीम तिनं उपाशीपोटी खाल्ली आणि पाहता पाहता तिची डावी कूस फुगली. मामाजींचं घर तीन घरं सोडून होतं. पोटफुगीवर जवसाचं तेल पाजण्यात त्यांचा हात बसलेला. नवरा म्हणाला, "मोठ्या बाबाले बोलावतो." मी म्हणाले, "थांबा, डॉक्टर येऊन राहिले." मला पुन्हा बोलणी खायची नव्हती. डॉक्टर वाटेत असतानाच गाय गेली.

मामाजी अनवाणी धावत आले. गाईच्या मानेवर हात ठेवून बसले. "मले काहून नाही बोलावलं?"

"तुमच्या बोलण्याची भीती वाटली, मामाजी."

ते उठले आणि तसेच अनवाणी घरी गेले.

त्यानंतर त्यांनी कोणाच्याच वावरात पाय ठेवला नाही. कोणी मुद्दाम विचारलं, तरी "तुमच्या मनानं करा" म्हणून पुढे जात. त्या हिवाळ्यात गावात आणखी दोन गाई फुगल्या. बोलावल्याबरोबर मामाजी तेल घेऊन गेले, एक वाचली. पण युरियाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत.

यंदा ते वारले. मयतीला आलेले लोक म्हणाले, म्हातारा शेवटी शेवटी लय शांत झाला होता, बरं झालं. त्यांचं तोंड मी बंद केलं होतं, हे मयतीला आलेल्या बायांमध्ये बसून मला सांगता आलं नाही.