पहिली लाइट खरी नसते

मला सगळ्यात खोट दिसते, असं आमच्या घरी कायम म्हटलं जायचं. कढीत मीठ कमी, दाराची कडी उलटी बसवलेली, पाहुण्यांचं कालचं बोलणं आजच्याशी जुळत नाही. दिसलं की मी बोलून मोकळी. आप्पा म्हणायचे, "जरा धीर धर. प्रत्येक गोष्ट बोलायलाच हवी असं नाही." आप्पा म्हणजे माझे वडील, वरंधकडच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. धीर त्यांच्याजवळ पोत्याने होता. माझ्या वाट्याला त्यातला चिमूटभरही आला नाही.

तेव्हा मी पोलादपूरहून रोज एसटीने महाडला जायचे. चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत एक सायबर कॅफे होता, तिथे टायपिंगची कामं करायचे. मालक कुवेतहून परतलेले. आम्ही त्यांना भाईजान म्हणायचो. नवी मशिनं आली तेव्हा त्यांनी एक जुनं मला देऊन टाकलं. "ने गो घरी. हितं नुसता धूळ खातंय." मी त्याच्यावर लेखनाचा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम घातला. जगभरची माणसं पगाराशिवाय, हौसेने तो बनवत होती आणि कुणालाही तो आतून कसा बनवलाय ते उघडून बघता येत होतं.

आप्पांच्या शाळेची स्मरणिका निघणार होती. तिच्यासाठी लेख लिहायचा आणि तो स्वतः टाइप करायचा, असं त्यांनी ठरवलं. एका बोटाने, पण रोज नेमाने बसायचे. लेख संपत आला आणि एका दुपारी लाइट गेली. नंतर मशीन चालू केलं तर पडद्यावर इंग्रजीत लांबलचक प्रश्न. आप्पांना इंग्रजी चांगलं येत होतं, तरी तो नेमकं काय विचारतोय ते त्यांना कळेना. जे पुरतं वाचून कळलं नाही त्यावर सही करायची नाही, हा त्यांचा नोकरीभरचा नेम. त्यांनी 'नो' दाबलं. लेख गेला. आदल्या दिवशी नीट जपून ठेवलेला भागसुद्धा गेला.

मी संध्याकाळी घरी आले तेव्हा मशीनवर पंचा झाकलेला होता. "माझ्याकडून काहीतरी चुकलं," आप्पा म्हणाले. "या वयात नको हे. स्मरणिकावाल्यांना कळवतो, माझा लेख धरू नका." ते चिडले असते तर मला चाललं असतं. पण ते इतक्या शांतपणे म्हणाले की मला रडूच आलं, आणि रडू आवरल्यावर भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी कॅफेत पोचल्यापोचल्या त्या प्रोग्रॅमच्या वेबसाइटवर, तक्रारी नोंदवायच्या पानावर जाऊन मी सगळं लिहिलं. उत्तर आलं: आम्ही करून पाहिलं, आमच्याकडे फाइल जात नाही, वापरणाऱ्याची चूक दिसते. तक्रार बंद. मी पुन्हा लिहिलं, यावेळी बरंच तिखट. उत्तर देणाऱ्या, दूरच्या कुठल्याशा थंड देशातल्या माणसाने गोडीत कळवलं, जे करून दाखवता येत नाही ते दुरुस्त करता येत नाही. आम्हाला तपासणारी माणसं हवीच आहेत, या. लोक चिडून भांडायला जातात, मी चिडून स्वयंसेवक झाले.

तिथे खोट सांगायचीही रीत होती. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, बस. माझ्या पहिल्या तक्रारीतला 'निर्लज्ज प्रोग्रॅम' कुणीतरी हळूच काढून टाकला होता. मी भराभर एकेक खोट शोधायला लागले. छापताना समास सरकतो, तक्त्यातली ओळ गायब होते. दरवेळी कुणीतरी आभार मानायचं. खोट दाखवली म्हणून कुणी आभार मानतं, हे मला अगदी नवीन होतं आणि मला ते फार आवडलं. पण आप्पांची खोट काही सापडेना.

रोज घरी आले की पायातली चप्पल निघायच्या आत मशीन चालू, चार ओळी लिहून जपून ठेवायच्या, बोर्डावरचं बटण बंद. पुन्हा चालू, त्या प्रश्नाला 'नो'. फाइल जागच्या जागी. पुन्हा. आप्पा आरामखुर्चीत पेपर वाचत असायचे. "अगं, आहे ती लाइट तरी राहू दे," म्हणायचे. महाडला भाईजान वेगळेच हैराण. "पगार नाय, चाय नाय, राबतंस कुणासाठी गो? पायाला भिंगरी हाय तुझ्या." मी काय सांगणार? स्मरणिका दिवाळीनंतर छापायला जाणार होती, आणि पंचा मशीनवरून मी काढायचे नि आप्पा परत घालायचे.

एकदा माझी अशीच खटपट चालू असताना खरंच लाइट गेली. थोड्या वेळाने आली तशी मी बटणाकडे झेपावले.

"थांब," आप्पा पेपरमागून म्हणाले. "पहिली लाइट खरी नसते."

पोलादपुरात हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. लाइट येते, डोळा मारते, जाते, मग येऊन बसते. पहिल्या लाइटला कुणी मिक्सरसुद्धा लावत नसे. आणि मी इतके दिवस लाइट एकदाच घालवत होते.

"आप्पा, त्या दिवशी तुम्ही पहिल्याच लाइटला चालू केलं होतंत?"

ते जरा ओशाळले. "लेख राहिलाय की नाही बघायचं होतं गं. प्रश्न समोर होता तेवढ्यात परत गेली. मग आली तर पुन्हा तोच प्रश्न. त्या दिवशी मीही तुझ्यासारखाच झालो."

मी तसंच केलं. प्रश्न समोर असताना पुन्हा बटण बंद, पुन्हा चालू, 'नो'. फाइल गेली! मी इतक्या जोरात ओरडले की आप्पा खुर्चीतून उठले. "काय गं, शॉक बसला?"

मी रीतीप्रमाणे लिहून पाठवलं. त्या माणसाने विचारलं, प्रश्न पडद्यावर असताना मशीन कोण बंद करेल? मी लिहिलं, आमच्याकडे कुणी करत नाही, होतं. मग मात्र त्याने करून पाहिलं आणि कळवलं: फाइल गेली, चूक आमची आहे, तुमच्या वडिलांनी काहीही चुकीचं केलं नव्हतं.

हे मी छापून घरी आणलं. आप्पांनी चष्मा लावून वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि फिरायला निघून गेले. मी घरभर येरझाऱ्या घालत बसले. पुढे दुरुस्त केलेला प्रोग्रॅम कॅफेत उतरवून, सीडीवर घेऊन घरी आणला, मशीनवर घातला. पंचा तसाच. दिवाळी तोंडावर आली होती आणि मी आशा सोडली होती.

मग एका संध्याकाळी महाडहून आले तर घरात अंधार, आणि आप्पा मशीनसमोर बसलेले. पंचा खिडकीत घडी करून ठेवला होता.

"बस. लाइट गेलीय."

"लिहिलंत?"

"पहिलं पान. आधीचं काही आठवलं नाही. हे वेगळंच झालंय."

लाइट आली. मी थांबा म्हणायच्या आत आप्पांनी मशीन चालू केलं, मुद्दाम. प्रश्न आला. लाइट गेली. पुन्हा आली, पुन्हा प्रश्न. त्यांनी तो अक्षर न् अक्षर वाचला आणि 'नो' दाबलं. फाइल उघडली. पान तिथेच होतं.

आप्पांनी पानावरच्या ओळी एकदा तपासून घेतल्या. मग म्हणाले, "पण हा प्रश्नच वाईट लिहिलाय. कुणाला कळूच नये असा. त्यांना लिहून पाठव."

"प्रत्येक गोष्ट बोलायलाच हवी असं नाही, आप्पा."

"ही बोलायला हवी," ते म्हणाले. "आणि खाली माझी सही घाल. पुरतं वाचलंय मी."