बुजवलेला खड्डा

आमच्या गल्लीआधीच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला खड्डा मी चार अर्ज करून बुजवून घेतला आणि आमच्या नंदनवन वस्तीत छाती फुगवून फिरलो. त्याच संध्याकाळी एक आंधळे गृहस्थ सरळ आमच्या घरात शिरले. चप्पल काढली, काठी खिडकीला टेकवली आणि खाटेवर बसून म्हणाले, “चहा ठेव वं.”

बायकोने घाबरून ठेवला. घोट घेताच ते ओरडले, “साखर काहून नाही टाकली?”

मग मी त्यांना घर चुकल्याचं सांगितलं.

ते वेताच्या खुर्च्या विणून रोज याच रस्त्याने परतत. काठी खड्ड्यात गेली की वळायचं आणि तिसऱ्या फाटकात शिरायचं, एवढाच त्यांचा रस्ता. आता पहिला खड्डा लागत होता तो आमच्या गल्लीचा, आणि तिसरं फाटक आमचं.

“माहा खड्डा कोनं बुजवला गा?” त्यांनी विचारलं.

“काय माहीत,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशीही सवयीने ते आमच्याकडेच आले. बायकोने साखर जास्त टाकली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळ्या शेजाऱ्यांदेखत, मी पहारीने तो बुजवलेला खड्डा पुन्हा खणला. संध्याकाळी कोपऱ्यावर उभा राहिलो. त्यांची काठी खड्ड्यात गेली. त्यांनी काठीने कडा चाचपल्या आणि समाधानाने मान हलवली.

“चला, झाला बाप्पा रस्ता दुरुस्त!”