दोन नायकांची बायको

"मेला एकदाचा!" स्टेजवर नवऱ्याच्या प्रेतावर पडून हंबरडा फोडता फोडता बाई हळूच म्हणायच्या. मंडपात बाया पदरानं डोळे पुसत असायच्या आणि विंगेत पुस्तक धरून बसलेला मी, कंपनीचा प्रॉम्प्टर, हसू दाबत असायचो.

ब्रह्मपुरीकडच्या आमच्या झाडीपट्टी नाटक कंपनीत दोन जुनी नाटकं वर्षानुवर्षं चालली. नावं कशाला सांगू, तुम्हीही कधीतरी पाहिली असतील. एकाचा नायक दारुडा, दुसऱ्याचा संशयी, तो शेवटी मरायचा. दोघंही थोर मनाचे, दोघांचंही दुःख फार मोठं, असं माइकवरून सांगितलं जायचं. मार मात्र बायको खायची, आणि दोन्ही नाटकांत ती बायको म्हणजे आमच्या बाई.

एकदा मी विचारलं, "बाई, दोघांत बरा कोन?"

"एक पेऊन मारते, एक न पेता मारते. दुसऱ्याच्या तोंडाले वास नाई येत, येवढाच फरक."

"पन पह्यल्याले पस्तावा होते ना?"

"कवा? बायको मरायले टेकली का! पह्यले काऊन नाई होत?"

नायकाचं काम करणारा नटही त्याच मातीचा. लांबलचक भाषण ठोकून स्वतःच रडायचा आणि टाळ्यांची वाट पाहत थांबायचा. बाई तेवढ्यात पाठमोऱ्या होऊन तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकायच्या.

बैलांच्या शंकरपटाला, मंडईच्या जत्रेला आमच्याकडे गाव पाहुण्यांनी भरतं आणि नाटकाच्या मंडपात सोयरिकी जमतात. बाईंच्या पोरीचीही तशीच जमली. मुलगा पुढच्या रांगेत बसून दारुड्यासाठी ढसाढसा रडला. नवरा वारल्यापासून बाईंच्या घरात दिरांचा शब्द चालायचा, ते खूश झाले. किती मऊ मनाचा पोरगा! बाई अडून बसल्या, थोरल्या दिराला म्हणाल्या,

"बायकोले लाथ बसली तवा याचे डोये कोरडे होते, भाऊ. म्या स्टेजवरून पाह्यलं. हा त्याच्यासाठी रडला."

नाटकवालीचं ऐकतो कोण? लग्न लागलं.

वर्षभरात पोरगी हाताला प्लास्टर घेऊन माहेरी आली. जावई पीतही होता आणि संशयही घ्यायचा.

"दोन्ही नाटकं एकाच तिकिटात भेटली, भाऊ," बाई म्हणाल्या. मला त्या दिवशी हसता आलं नाही, त्या मऊ मनाच्या पोराची किळस आली.

दिरांनी परस्पर ठरवून टाकलं. मंडईच्या नाटकाला जावई येईल आणि नाटक सुटलं की पोरीला घेऊन जाईल. पोरगी माझ्याजवळ विंगेत बसली होती, मांडीवर पिशवी घट्ट धरून. जावई समोर, रुमाल काढून तयार.

शेवटच्या अंकात बायको दारुड्याच्या पाया पडते आणि त्याला माफ करते. मी वाक्य दिलं. बाई गप्प. पुन्हा दिलं.

"आयकू आलं, भाऊ," त्या मोठ्यानं म्हणाल्या आणि सरळ विंगेत आल्या. पोरीचा हात धरला, मागची कनात उचलली आणि दोघी निघून गेल्या. जावयाला कळलंच नाही, तो नाटकात गुंतला होता.

बाई पुन्हा कंपनीत आल्या नाहीत. मायलेकी सिरोंच्याला बाईंच्या बहिणीकडे राहतात, असं ऐकतो. त्यांची जागा दुसरीनं घेतली, पण मी त्या नाटकाचं पुस्तक पुन्हा धरलं नाही.

आमचा नायक त्या दिवशी स्टेजवर उभाच होता. बायको पाया पडेल म्हणून एक पाय पुढं केलेला, डोळ्यांत आणलेलं पाणी. बराच वेळ कोणी आलं नाही. मग बायांच्या बाजूनं एक हसली, आणि पाठोपाठ सगळ्या.